दोन दारांचा सर्व्हर आणि एका ‘नाही’चा इतिहास

कसारा लोकलच्या स्थानकांत ‘शहापूर’ सापडत नाही. शहापूरकरांचे स्थानक आसनगाव. एस.टी.च्या फलकावर मात्र शहापूर असते. मुरबाडला तर रेल्वेच नाही. तिकीट खिडकीचे ‘नाही’ तिच्या यादीपुरतेच खरे.

अर्पानेटवर हा पेच नव्हता. साऱ्या संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये असत. ती कॅलिफोर्नियातील एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा चमू सांभाळी. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. यादी विभागली गेली, परंतु नावांचे जग एकच, हे गृहीतक टिकले. म्हणूनच कोणत्याही डीएनएस सर्व्हरचे ‘असे नाव नाही’ हे उत्तर अंतिम मानतात.

पुढे कचेऱ्यांनी आपापली खासगी नावे ठेवली आणि गृहीतक मोडले. दोन नेटवर्क कार्डांच्या लिनक्स सर्व्हरवर बाहेरचा डीएनएस आधी नोंदलेला असेल, तर आतल्या नावाला तो ‘नाही’ म्हणतो. दुसऱ्याला सहसा विचारलेच जात नाही. त्याची पाळी पहिला गप्प राहिला किंवा त्याने त्रुटी कळवली तरच! लोक मात्र केबली बदलत बसतात.

आधी ‘डिग’ने दोघांना तेच नाव स्वतंत्रपणे विचारावे. उत्तरे भिन्न आली, तर नुसता क्रम उलटवू नये. आतला सर्व्हर बाहेरच्या नावांना ‘नाही’ म्हणू शकतो. ‘डीएनएसमास्क’मध्ये आतल्या नावांपुरता आतला सर्व्हर नेमून द्यावा.