जाधव : कुळनाव आणि त्याचे वारस

जाधव : महाराष्ट्रात सर्वदूर आढळणारे कुळनाव व आडनाव, सरदार घराण्यांतील रूप जाधवराव. देवगिरीच्या यादव राजकुळाचे वंशज ते जाधव, अशी जुनी समजूत आहे. यातला शब्दाचा धागा पक्का आहे, रक्ताचा मात्र तुटक आहे. जाधव हे एकाच घराण्याचे नाव मानले की त्याचा निम्मा इतिहास नजरेआड होतो. एका राजकुळाची आठवण निरनिराळ्या समाजांनी आपापल्या परीने धरून ठेवली, ती या नावात साठली आहे.

आधी शब्द पाहू. आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे मराठीला नवे नाही : यव–जव, यात्रा–जत्रा, योगी–जोगी. अडचण मधल्या व्यंजनाची आहे. प्राकृतातून झिजत आलेल्या शब्दांत दोन स्वरांमधला ‘द’ बहुधा गळतो. ‘पाद’चा ‘पाय’ झाला तो असाच. जाधवमध्ये तो गळाला नाही, उलट ‘ध’ होऊन ठसठशीत राहिला. म्हणजे हा शब्द लोकांच्या तोंडी शतकानुशतके घासला गेलेला नाही. संस्कृत बिरुद वापरात असतानाच ते बोलीत उतरले असावे. व्याकरणात याला अर्धतत्सम म्हणतात. राजसत्तेशी निगडित नावाला हे साजेसेच आहे.

‘यादव’ हे बिरुद मिरवणारे घराणे शिलालेखांत सेउण या नावानेही येते. आपण यदूचे वंशज, मथुरा-द्वारकेकडून दक्षिणेत आलेले, असे ते सांगत. हेमाद्रीच्या ‘चतुर्वर्गचिंतामणी’तील राजप्रशस्तीत त्यांची वंशावळ आहे, आणि 1290 च्या ज्ञानेश्वरीच्या अखेरीस रामचंद्र राजाचा गौरव यदुवंशाच्या नावानेच केला आहे. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात देवगिरी ही राजधानी केली. 1296 मध्ये अलाउद्दीन खलजीचा हल्ला झाला, 1313 मध्ये शंकरदेव मारला गेला आणि 1318 च्या सुमारास हरपाळदेवाबरोबर राज्य संपले. या काळाच्या खुणा पूर्णेच्या खोऱ्यात आजही दिसतात. हिंगोली जिल्ह्यात पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण ज्या औंढा तालुक्यात आहे, तिथले नागनाथाचे मंदिर हेमाडपंती घडणीचे आहे. त्याच्या खालच्या काळ्या दगडावर कोरीव मूर्तींचे थर आहेत; वरचा भाग नंतरच्या जीर्णोद्धाराचा, आणि दोन्हींचा रंग व पोत इतका वेगळा की सांधा नुसत्या डोळ्यांनी कळतो.

सिद्धेश्वरच्या जलाशयात येणारी पूर्णा वरच्या अंगाला खडकपूर्णा या नावाने बुलढाणा जिल्ह्यातून वाहते. त्याच मुलखात सिंदखेडराजा आणि देऊळगावराजा ही जाधवरावांची गावे आहेत. निजामशाहीतले मातब्बर सरदार लखुजी जाधवराव सिंदखेडचे. त्यांची कन्या जिजाबाई म्हणजे शिवाजी महाराजांच्या मातोश्री. जन्म 1598, मृत्यू 1674. हे घराणे स्वतःला देवगिरीच्या यादवांचे वंशज म्हणवी. 25 जुलै 1629 रोजी लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव यांची निजामशहाच्या दरबारात हत्या झाली. जागा होती दौलताबाद, म्हणजेच देवगिरी. ज्या किल्ल्याचे वारस म्हणवून घेतले, तिथेच या घराण्याच्या तीन पिढ्या एका दिवशी कापल्या गेल्या. मराठ्यांच्या इतिहासात यापेक्षा हृदयद्रावक प्रसंग फार थोडे.

आता आक्षेप. परंपरा इतकी बळकट असताना शंका कशाला? त्याचे कारण मधल्या काळात आहे. हरपाळदेव आणि लखुजी यांच्यात अडीचशे-तीनशे वर्षांचे अंतर आहे, आणि ते पिढीगणिक भरून काढील असा समकालीन लेखांचा सलग पुरावा पुढे आलेला नाही. सिंदखेडराजाला लखुजींच्या समाधीजवळ 2024 मध्ये पुरातत्त्व खात्याला मध्ययुगीन मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती सापडली. त्यावरून तिथली वस्ती जुनी ठरते, लखुजींची वंशावळ नव्हे. दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा : पुरावा नसेल तर दावा पोकळ ठरतो. हेही पटण्यासारखे नाही; पुराव्याविनाही असा दावा सत्तेच्या कामी येतो, हे इतरत्रही दिसते. जपानात सम्राट तेन्जीने 669 मध्ये कामातारीला फुजिवारा हे नाव बहाल केले; पुढे 1585 मध्ये सामान्य कुळातला हिदेयोशी कारभारप्रमुख होण्यासाठी याच फुजिवारा घराण्याशी दत्तकाच्या नात्याने जोडला गेला, आणि तोकुगावा इएयासूने मिनामोतो वंशाचा दावा सांगितला. नव्या सत्तेला जुन्या नावाचा आधार लागतो. लखुजींच्या काळात, देवगिरीचे राज्य बुडून तीन शतके उलटल्यावरही, यादव म्हणवण्यात वजन होते, हाच या दाव्याचा खरा ऐतिहासिक अर्थ.

सिंदखेडच्याच शाखेतले धनाजी जाधव राजाराम महाराजांच्या काळात सेनापती झाले. 1707 मध्ये खेडच्या लढाईच्या वेळी ते शाहूंच्या बाजूला गेले आणि सातारच्या गादीचा प्रश्न बराचसा तिथेच निकाली निघाला. 1708 मध्ये ते वारले. त्यांचे पुत्र चंद्रसेन पुढे निजामाकडे गेले. वाघोलीचे पिलाजी जाधवराव हे पहिल्या बाजीरावाच्या भरवशाच्या सरदारांपैकी एक.

सरदारांपुरती ही नोंद आटोपली असती, तर जाधव हे एकाच घराण्याचे नाव नव्हे, हे आरंभीचे विधान सिद्ध झाले नसते. जाधव हे बंजारा समाजातलेही मोठे गोत्रनाव आहे, राठोड, पवार, चव्हाण यांच्या जोडीचे. बौद्ध आणि इतर अनेक समाजांतही ते आहे. या सगळ्यांना एका वंशवृक्षावर बसवता येत नाही, आणि तशी गरजही नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी 1952 मध्ये हेलसिंकीत कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधव यांनी ‘आमचा बाप आन् आम्ही’मध्ये आपल्या दलित कुटुंबाची कहाणी सांगितली. हिंगोली जिल्ह्यात आज मतदारयादी चाळली, तर मराठा घरांत, तांड्यांवर आणि बौद्ध वस्त्यांत हेच आडनाव पानोपानी भेटते. त्यातल्या बहुतेकांचा देवगिरीवर काही दावा नाही.