नैरोबीचा नाही, बांधावरचाच

परवा आईच्या मानेवर लाल पट्टा उठला. आधी नुसती आग, दुसऱ्या दिवशी फोड. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी सांगितलं, नागीण! नागीण नव्हती. आदल्या रात्री पडवीतल्या दिव्याखाली भाजी निवडताना मानेवर काहीतरी वळवळलं आणि आईने ते तिथंच चिरडलं. सकाळी दिव्याखाली तसलेच चार-पाच मेलेले सापडले. पाऊण सेंटिमीटरचे, डोकं काळं, मान नारिंगी, पाठीवर निळसर चकाकी, शेपटाचं टोक पुन्हा काळं. लांबून मुंगळाच वाटावा.

मोबाइलवर शोधलं तर नाव आलं ‘नैरोबी माशी’. जुलै २०२२ मध्ये सिक्कीम, उत्तर बंगालकडच्या बातम्यांतही हेच नाव होतं. पण ही माशी नाहीच, भुंगेरा आहे. पूर्व आफ्रिकेत १९९७-९८ च्या एल निनोच्या पावसात ज्यांनी हैदोस घातला, ते याचे चुलतभाऊ. आपल्या भातात असतो तो पेडेरस फ्युसिपेस. हे नाव इंग्लंडच्या जॉन कर्टिसने १८२६ मध्ये दिलं. त्याच्या किती आधी, ७३९ साली, एका चिनी वैद्याने अशाच एका विषारी किड्याची नोंद केली होती, गोंदण घालवायला उपयोगी म्हणून! तो याच कुळातला असावा असं अभ्यासक मानतात. भारतातल्या या भुंगेऱ्यांच्या घराण्याची मोजदाद माल्कम कॅमेरॉन या आरमारी डॉक्टरने केली, १९३० ते १९३९ दरम्यान चार खंडांत.

ब्रिटनपासून जपान-ऑस्ट्रेलियापर्यंत याचा पसारा, पण राहणार मात्र ओलीतच. नदीकाठ, दलदल, भातखाचर. अंडी ओल्या मातीत, माती सुकली की खेळ खलास. म्हणून कापणी झाली की बांधावरच्या गवतात मुक्काम. उडतो कमी, पळतो जास्त, पण रात्री दिवा दिसला की येतोच.

चावत नाही, डंखही नाही. चिरडला की अंगातलं पेडेरिन बाहेर येतं. ते वेगळं काढायला इटलीत १९५० च्या दशकात अडीच कोटी किडे गोळा करावे लागले! आणि २००२ मध्ये कळलं की विष मुळात त्याचं नाहीच, पोटात राहणाऱ्या जिवाणूचं आहे.

या सगळ्या इतिहासात किडा भेटतो तो कातडीवरच्या फोडांमुळे. तो चुडात तुडतुडे शोधून खातो, हे मात्र भाताच्या कीडनियंत्रणाच्या पुस्तकातच सापडतं, तेही कोळी आणि चतुराच्या रांगेत कुठेतरी.

तर मंडळी, अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका. चिरडलाच तर लगेच साबणाने धुवा, डोळ्याला हात लावू नका. पडवीतला दिवा आम्ही आता लवकर मालवतो. आई म्हणते, बांधावर एकदा औषध मारूनच टाक. मी नको म्हणतोय. पंप अजून पडवीतच आहे.