वकील : दरबारातून कोर्टात

वकील म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काळा कोट आणि कोर्टाचा व्हरांडा उभा राहतो. परंतु सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्यात 'वकील आले' अशी वर्दी लागली की शनिवारवाड्यात बैठकीची तयारी होई. आलेला गृहस्थ परराज्याचा प्रतिनिधी असे. आज ज्याला आपण राजदूत म्हणतो, त्याला मराठेशाहीत वकील म्हणत. हा शब्द दरबारातून कोर्टात कसा गेला, हे पाहू लागले की एका राज्याच्या उतरणीची हकिकतच हाती लागते.

शब्द मूळचा अरबी. ज्याच्यावर काम सोपवले तो वकील. म्हणजे सोपवणारा धनी आधी, वकील मागून. बैरामखान हा अकबराच्या आरंभीच्या काळात साऱ्या सल्तनतीचा वकील होता. १७८४ साली महादजी शिंद्यांनी शहाआलम बादशहाकडून पेशव्यांसाठी मिळवलेले 'वकील-इ-मुतलक' हे पद त्याच जातीचे. इराणात तर करीमखान झंद याने शहा ही पदवी न घेता स्वतःला 'रयतेचा वकील' म्हणवून राज्य केले.

मराठ्यांच्या दरबारी वकिलाचा थाट एवढा मोठा नव्हता. जोखीम मात्र मोठी होती. दिल्लीस हिंगणे होते, निजामाकडे गोविंदराव काळे होते. तिथल्या फौजेची हालचाल, खजिन्याची स्थिती, दरबारातल्या फळ्या हे सारे बारकाईने लिहून कळवायचे. धन्याचे म्हणणे न डगमगता मांडायचे. आणि दिलेल्या अधिकाराबाहेर शब्द गुंतवायचा नाही. या मंडळींची पत्रे नसती तर अठराव्या शतकाचा आपला इतिहास लंगडा राहिला असता.

१७८६ साली चार्ल्स मॅलेट इंग्रजांतर्फे पुण्यास राहावयास आला. इंग्रज त्याला रेसिडेंट म्हणत, म्हणजे नुसता 'राहणारा'. पुणे दरबाराच्या लेखी तो इंग्रजांचा वकील. पण या राहणाऱ्यांनी पुढे घरच ताब्यात घेतले. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. १८१५ साली त्यांचा पंढरपुरात खून झाला. वकिलाच्या जिवाला धक्का लावू नये, ही जुनी रीत मोडली गेली. संशय बाजीरावाचा विश्वासू त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला, आणि त्या प्रकरणाच्या ओघात एल्फिन्स्टनने जून १८१७ मध्ये बाजीरावाच्या गळ्यात पुण्याचा तह बांधला. त्या तहातील एक अट आपण नीट ध्यानात घ्यावी : पेशव्यांनी इतर दरबारी आपले वकील ठेवू नयेत, इतरांचे वकील पुण्यात ठेवून घेऊ नयेत, जे बोलणे करायचे ते इंग्रज रेसिडेंटमार्फत करावे. मुलूख आणि किल्लेही त्या तहात गेले. पण आपल्या तोंडाने बोलण्याचा हक्क गेला, तेव्हाच राज्य संपले होते. १८१८ साली उरलेले सोपस्कार झाले.

दरबारी वकील असा बेकार झाला, त्याच काळात कोर्टातला वकील उभा राहत होता. बंगालमध्ये कंपनीने १७९३ सालीच कायदा करून आपल्या अदालतींसाठी सनदी वकील नेमण्याची पद्धत घातली होती. पेशवाईनंतर ती आपल्याकडेही आली. धन्याने द्यायचे वकीलपत्र राहिले. पण बोलण्याची सनद आता सरकार देऊ लागले.

या दोन वकिलांच्या सांध्यावर एक माणूस उभा आहे : रंगो बापूजी गुप्ते. १८३९ साली साताऱ्याचे प्रतापसिंह छत्रपती पदच्युत झाले. त्यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तेथे झगडले. ते कंपनीच्या भागीदारांच्या सभेत बोलले. जॉर्ज टॉम्प्सनसारखे गुलामगिरीविरोधी पुढारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८४७ साली धनी काशीस नजरकैदेत वारला, १८४८ साली सातारचे राज्य खालसा झाले. तरी वकील मागे हटला नाही. दाद मात्र लागली नाही. १८५७ च्या धामधुमीत ते परागंदा झाले, ते पुन्हा सापडले नाहीत. त्यांचा मुलगा सीताराम फासावर गेला.

कामगार चळवळीत वावरणाऱ्याला ही हकिकत परकी वाटत नाही. गिरणीतला पहिला झगडा पगाराचा असतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. खरा पहिला झगडा 'तुम्ही कोण बोलणारे?' या मालकाच्या प्रश्नाशी असतो. 'माझ्या माणसांशी मी बोलेन, मध्ये तुम्ही नकोत' ही भाषा वरून प्रेमळ वाटते. पुण्याच्या तहातली अट तीच होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेटाच्या कामात धंदेवाईक वकिलाला मज्जाव केला आणि युनियनच्या पदाधिकाऱ्याला कामगाराच्या वतीने बोलण्याची मुभा दिली, तेव्हा जुना अर्थ थोडासा परत आला.

मात्र हिंगणे-काळ्यांचा दुसरा नियम आम्हा पुढाऱ्यांनाही लागू आहे. सोपवलेल्यापलीकडे शब्द द्यायचा नाही, आणि बोलणे झाले की धन्याला अक्षरन् अक्षर कळवायचे. आमचा धनी गेटाबाहेर उभा असतो.