मुक्ती मिशन : केडगावच्या माळावरची वाटचाल

दौंड तालुक्यातील केडगावचे मुक्ती मिशन रीतसर सुरू झाले १८९८ साली. त्याची मुळे मात्र पंधरा वर्षे मागे, इंग्लंडातील वाँटेजच्या मठात सापडतात. दुष्काळात आई-वडील गमावलेल्या आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच विधवा झालेल्या पंडिता रमाबाईंनी लेक मनोरमेसह २९ सप्टेंबर १८८३ रोजी तेथे बाप्तिस्मा घेतला. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना लंडनजवळ फुलहॅम येथे या मठाच्या भगिनी मायेने सांभाळत होत्या, ते त्यांनी पाहिले होते. विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी बोलणाऱ्या येशूची कथाही त्यांच्या मनात घर करून होती.

अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनने दहा वर्षांच्या मदतीची हमी दिल्यावर रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. पुढच्याच वर्षी सदन पुण्यात आले. धर्माचा उपदेश करायचा नाही, हा सदनाचा नियम होता आणि सल्लागारांत रानडे-भांडारकरांसारखी माणसे होती.

याच काळात रमाबाईंच्या अंतरंगात मोठी उलथापालथ झाली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही, अशी खंत त्यांना जाळत होती. १८९१च्या सुमारास हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. वर्षानुवर्षे पाळक असलेला हा गृहस्थ स्वतःच्याच प्रवचनात, व्यासपीठावर उभा असताना पालटला होता! देवाचे प्रेम हा सिद्धान्त नसून ते आपल्याला, नावानिशी, आहे त्या अवस्थेत मिळालेले आहे, ही खात्री रमाबाईंना त्यानंतर पटली. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी हे सारे मोकळेपणाने मांडले आहे. मुक्तीचा खरा पाया हाच, असे म्हणायला हरकत नाही.

या खात्रीची किंमतही चुकवावी लागली. रमाबाई सकाळी खोलीचे दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि काही मुली आपणहून येऊन बसत. त्यावरून, मुलींचे धर्मांतर होत असल्याच्या संशयाने, पुण्यात काहूर उठले. ऑगस्ट १८९३मध्ये सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि वीस-पंचवीस मुलींना पालकांनी काढून नेले. पालकांचा संशय अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. दार उघडे होते हे खरेच. सदन मात्र बंद पडले नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे स्त्रिया-मुली घेऊन परतल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना रमाबाईंनी केडगावला घेतलेल्या जमिनीवर तात्पुरत्या छपरांखाली ठेवावे लागले. सुमारे शंभर एकरांच्या त्या माळावर विहिरी खणल्या गेल्या, फळबाग आणि शेती उभी राहिली. सप्टेंबर १८९८मध्ये मुक्तीचे रीतसर समर्पण झाले. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर रहिवाशांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मुखांना रोज अन्न पुरवणे हे सोपे काम नव्हते. आश्रमात हातमाग, तेलघाणा, दुग्धालय आणि छापखाना चालू झाला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन आणि अंधांसाठी बार्तिमी सदन निघाले. मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या आणि अंध मुलींना शिकवू लागल्या. सुंदराबाई पवार, मिनी अब्राम्स यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा आणि नाव कोठेही न नोंदलेल्या कित्येक मुलींचा या उभारणीत वाटा आहे.

१९०५च्या आरंभी सत्तर स्त्रिया रोज एकत्र प्रार्थनेला बसू लागल्या, जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस आश्रमात मोठे आध्यात्मिक जागरण झाले. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करीत. काही मिशनऱ्यांना हा गोंगाट रुचला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली. पोरक्या मुलीने बापाला हाक मारायची तर ती शिस्तीत कशी मारावी?

त्यानंतरचे मोठे काम बायबलच्या भाषांतराचे. साध्या बाईला कळेल अशी मराठी हवी, म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. अक्षरजुळणी आणि छपाई आश्रमाच्याच छापखान्यात स्त्रियांनी केली. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून आल्या तेव्हा अक्षरशत्रू होत्या. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. पाठोपाठ ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. छापील बायबल १९२४मध्ये हाती आले.

संस्थापिका आणि त्यांची वारस, दोघी नऊ महिन्यांत गेल्या, तरी काम थांबले नाही. आज ‘पंडिता रमाबाई मुक्ती मिशन’ या नावाने ही संस्था केडगावातच निराधार स्त्रिया आणि मुलांचा सांभाळ करते आहे.