भटकंती सकाळची, दुपार सावलीची

उन्हाळ्यात खापा, रामटेक, नागपूर पाहताना

खापा (जि. नागपूर) - विदर्भात शाळांना सुटी लागते आणि त्याच सुमारास वैशाख वणवाही पेटतो. लग्नसराईसाठी आलेले नातलग, आजोळी आलेली मुले, पुण्या-मुंबईहून किंवा थेट परदेशातून गावी परतलेली कुटुंबे, या साऱ्यांना मोकळा वेळ मिळतो तो नेमका मे महिन्यात. साहजिकच रामटेक, मनसर, नगरधन, अदासा आणि नागपूर शहर पाहण्याचे बेत याच महिन्यात आखले जातात. ही ठिकाणे उन्हाळ्यातही पाहता येतात. मात्र दिवसाचे वेळापत्रक उन्हाकडे पाहून आखावे लागते. ही काळजी न घेतल्यास सहलीचा शेवट रुग्णालयात होऊ शकतो.

युरोपचा धडा

उन्हाची ही शिस्त थंड हवेच्या देशांनाही अलीकडे शिकावी लागली आहे. ऑगस्ट २००३ मध्ये पश्चिम युरोपात आलेल्या उष्णतेच्या लाटेत एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार जण दगावले. त्यात एकट्या राहणाऱ्या वृद्धांची संख्या मोठी होती. पॅरिसमधील जुन्या इमारतींची जस्ताच्या पत्र्याची छपरे थंडीच्या देशात शोभून दिसतात, पण उन्हाळ्यात त्यांच्याखालच्या खोल्यांची भट्टी होते. जुलै २०२३ मध्ये अथेन्सचे अ‍ॅक्रोपोलिस भर दुपारी पर्यटकांसाठी बंद ठेवावे लागले. टेकडीवर सावली नाही आणि चढण मात्र आहे, हे त्यामागचे साधे कारण. जुलै २०२५ च्या प्रारंभी पॅरिसच्या आयफेल टॉवरचा सर्वांत वरचा मजलाही उष्म्यामुळे बंद करण्यात आला.

महाराष्ट्रानेही हा धडा मोठी किंमत देऊन घेतला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे खुल्या मैदानावर झालेल्या पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने डझनाहून अधिक जणांचा बळी गेला. त्या दिवशी पारा विदर्भातल्या मे महिन्याइतका चढलेला नव्हता. दमट हवा, डोक्यावर छप्पर नाही आणि तासन्‌तास एका जागी बसणे, एवढे पुरेसे ठरले. म्हणूनच केवळ तापमानाचा आकडा पाहून निर्धास्त राहता येत नाही.

पारा सावलीतला असतो

मे २०१३ मध्ये नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसवर गेले होते. वृत्तपत्रात छापून येणारा असा आकडा उन्हातला नसतो. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून माणसाच्या छातीच्या आसपासच्या उंचीवर, झरोके असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत ठेवलेला असतो. उन्हात तापलेला दगड, विटा, डांबर किंवा पत्रा त्यापेक्षा कितीतरी अधिक गरम असतो. त्यामुळे ४४ अंशांच्या दिवशी किल्ल्याच्या तटावर चालणाऱ्याला भोवतालच्या हवेची झळ बसते, वरून ऊन लागते आणि पायाखालचा दगडही भाजतो.

सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा अधिक वाढले, तर हवामान खाते ती उष्णतेची लाट मानते. ही वाढ ६.४ अंशांपलीकडे गेली की लाट तीव्र ठरते. सरासरी काहीही असली तरी ४५ अंशांवर लाट आणि ४७ अंशांवर तीव्र लाट, असाही निकष आहे. दिवसाचा पारा साधारणतः दुपारी दोन ते चारच्या दरम्यान सर्वाधिक असतो. सायंकाळी सूर्य कलला तरी दिवसभर तापलेले दगड उष्णता सोडतच राहतात. मे महिन्याच्या उत्तरार्धात येथे पहाटे साडेपाचच्या सुमारास उजाडते आणि सायंकाळी पावणेसातनंतर मावळते. भटकंतीसाठी खरे तास उरतात ते सकाळी नऊपर्यंतचे आणि सायंकाळी पाचनंतरचे.

कन्हानकाठचे खापा

या भटकंतीची सुरुवात खाप्यापासून करता येते. सावनेर तालुक्यातील हे गाव कन्हान नदीच्या उंच काठावर वसले आहे. येथील नगरपालिका १८६७ सालची, म्हणजे मध्य प्रांतातील जुन्या नगरपालिकांपैकी एक. परिसरातील गुमगावची मँगनीजची खाण आणि कोष्टी समाजाचे हातमाग यांनी गावाला पूर्वी ओळख दिली. सुती धागा कोरड्या हवेत ठिसूळ होऊन तुटतो. त्यामुळे विणकराला जाड भिंतींचे, ओलावा धरून ठेवणारे घर केवळ सोयीचे नसते, त्याच्या धंद्याची ती गरज असते. जमिनीत खड्डा करून बसवलेल्या मागावर विणकराचे पाय जमिनीच्या गारव्यात राहतात. जुन्या वस्तीतून फिरताना मातीच्या भिंती, कौलारू पडव्या आणि अरुंद गल्ल्या याच नजरेने पाहाव्यात.

नदीचे पात्र मे महिन्यात आक्रसलेले असते. पहाटे काठावर बसण्यास ते रम्य वाटते, पण अनोळखी डोहात पोहण्याचा मोह टाळावा. वरून संथ दिसणाऱ्या पाण्याखाली वाळूत खोल खड्डे असू शकतात आणि उन्हाळ्यात नदी-तलावांत बुडण्याच्या घटना दरवर्षी घडतात.

याच जिल्ह्यात अदासा येथे शमी विघ्नेशाचे मंदिर आहे. विदर्भातील अष्टविनायकांत त्याची गणना होते. एकाच शिळेतील ही भव्य मूर्ती सुमारे बारा फूट उंच आहे. मंदिर टेकडीवर असल्याने सकाळी लवकर दर्शन घेऊन उतरणे सोयीचे. मंदिरांच्या आवारात पादत्राणे काढावी लागतात आणि दुपारी तापलेल्या फरशीवर तळपाय भाजतात. लहान मुलांना पायमोजे घालून नेणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

रामटेक, मनसर, नगरधन

खाप्याहून पारशिवनीमार्गे रामटेकला जाता येते. नागपूरहून रामटेक सुमारे ५० किलोमीटर. रामगिरीवरील गडमंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात भोसल्यांच्या काळात झाला. मात्र टेकडीवरील केवल-नरसिंह आणि रुद्र-नरसिंह ही मंदिरे त्याहून कितीतरी जुनी, पाचव्या शतकातील वाकाटक काळातली आहेत. महाराष्ट्रातील दगडी बांधणीच्या सर्वांत जुन्या मंदिरांत त्यांचा समावेश होतो. जाड भिंती आणि लहान दारे यांमुळे त्यांच्या गाभाऱ्यात उन्हाळ्यातही गारवा जाणवतो. टेकडीवर वाहनाने जाता येते. पायऱ्यांनी चढायचेच असेल, तर उजाडताच चढावे आणि ऊन तापण्याआधी खाली यावे.

टेकडीच्या पायथ्याशी अंबाळा तलाव आहे, तर जवळच कर्पूर बावडी ही जुनी वास्तू आहे. पाण्याच्या कडेने दगडी खांबांच्या ओवऱ्या आणि भोवती झाडी, अशी तिची रचना. पाण्यावरून येणारी हवा गार होते आणि ओवरीत ऊन शिरत नाही. हाच गारवा मिळविण्यासाठी आज घरोघरी वाळ्याच्या ताट्यांचे कूलर लावले जातात.

मनसर येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या उत्खननात वाकाटककालीन विटांची मोठी बांधकामे उघडकीस आली. दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे मत अभ्यासकांनी मांडले आहे. उघड्यावर पसरलेले हे अवशेष पाहताना सावली जवळपास मिळत नाही. त्यामुळे मनसरसाठी सकाळचा पहिला तास राखून ठेवावा. नगरधन म्हणजे वाकाटकांचे नंदिवर्धन. २०१५ ते २०१८ दरम्यान येथे झालेल्या उत्खननात राणी प्रभावतीगुप्ता हिची मृत्तिकामुद्रा मिळाली. येथील किल्ल्यात विहिरीच्या पायऱ्या उतरून जमिनीखालच्या देवस्थानापर्यंत जाता येते. वरच्या उन्हातून खाली उतरताना होणारा तापमानातील बदल पाहुण्यांनी अवश्य अनुभवावा. मात्र उन्हाने डोळे दिपलेले असतात, म्हणून पायऱ्यांवर क्षणभर थांबून मगच उतरावे.

नागपुरातील दुपार

दुपारचे तास छपराखाली घालविण्यास नागपूर शहर सोयीचे आहे. १८६३ साली स्थापन झालेले मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे नागपूरकरांचा ‘अजब बंगला’, सोमवारी बंद असतो हे ध्यानात ठेवावे. सकाळी मनसर पाहून दुपारी येथील शिल्पे आणि शिलालेख पाहिले, तर इतिहासाचे दोन्ही धागे जुळतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी लाखो अनुयायांसह जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन २००१ मध्ये झाले. आतून पोकळ असलेल्या या विशाल घुमटाखाली शांत बसता येते. स्तूपाभोवतीचे मोकळे प्रांगण मात्र सायंकाळी फिरावे.

सीताबर्डीचा किल्ला हा या वेळापत्रकातील अवघड भाग. नोव्हेंबर १८१७ मधील इंग्रज-भोसले लढाईची ही टेकडी आज लष्कराच्या ताब्यात आहे. सामान्यांसाठी ती २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट अशा मोजक्याच दिवशी खुली होते. यातला महाराष्ट्र दिन ऐन उन्हाळ्यात येतो. त्या दिवशी किल्ला पाहायचा असेल तर सकाळी दार उघडताच आत जाणाऱ्यांत असावे.

शरीराला सवय लागते

उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून क्षार कमी जातात. म्हणूनच खाप्याचा शेतकरी ज्या उन्हात निभावतो, त्याच उन्हात कालच लंडनहून आलेला नातू कोसळू शकतो. पाहुण्यांनी पहिले दोन-तीन दिवस गावातच सकाळ-संध्याकाळ फिरून काढावेत आणि मगच रामटेकचा बेत करावा. वृद्ध, लहान मुले, गर्भवती, तसेच हृदयविकार, मधुमेह वा रक्तदाबाची औषधे घेणारे यांनी अधिक जपावे. औषधांबाबत निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घेणे इष्ट.

डोक्याला आणि कानांना सुती दुपट्टा, अंगात सैल फिकट कपडे आणि तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी, ही वैदर्भीय रीत शास्त्रालाही धरून आहे. ताक, कैरीचे पन्हे, लिंबूपाणी यांतून पाण्यासोबत क्षारही मिळतात. क्षार-साखर पाणी घरी करायचे झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. बंद मोटारीत मुलांना वा वृद्धांना ‘पाचच मिनिटे’ म्हणून बसवून जाऊ नये. काचा बंद असताना आतले तापमान झपाट्याने चढते.

ऊन लागल्यास

डोके दुखणे, मळमळ, पोटऱ्यांत गोळे येणे, भोवळ ही पहिली लक्षणे. ती दिसताच चालणे थांबवून सावलीत बसावे आणि पाणी प्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळला किंवा बेशुद्ध झाला आणि अंग तापलेले असले, तर तो उष्माघात समजावा. शरीराचे तापमान ४० अंशांवर गेलेले असू शकते आणि प्रत्येक मिनिट मोलाचे असते. रुग्णाला सावलीत हलवावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा. मान, काखा आणि जांघांत बर्फ वा ओल्या घड्या ठेवाव्यात. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत अंग गार करणे थांबवू नये. साध्या तापाच्या गोळ्या येथे उपयोगी पडत नाहीत.

रामगिरीची सावली

कालिदासाच्या मेघदूतातील रामगिरी तो हाच रामटेक, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. या काव्याच्या आरंभीच रामगिरीच्या दोन गोष्टी सांगितल्या आहेत. एक म्हणजे तेथील झाडांची दाट सावली आणि दुसरी, सीतेच्या स्नानाने पवित्र झालेले पाणी. विरही यक्षाला ढग भेटतो तो आषाढ लागल्यावर, उन्हाळा सरत असताना. तोवर त्याने आठ महिने याच टेकडीवर काढलेले असतात. मे महिन्यात रामटेकला जाणाऱ्यांनीही आधी सावली कोठे आहे आणि पाणी कोठे आहे, एवढे विचारून घ्यावे. गड दुसऱ्या दिवशी सकाळीही तेथेच असतो.