माना टाकणारी नागवेल

नांदेड जिल्ह्यात मुदखेड तालुक्यातल्या बारडच्या परिसरात पानमळ्यांची जुनी परंपरा आहे. शेवरी, शेवगा, हादग्याच्या सावलीत नागवेल वर चढते. ती हाताबाहेर उंच गेली की खाली उतरवून तिचं खोड बुडाशी मातीत पुरतात. त्याला नवी मुळं फुटतात आणि मळा पुन्हा तरणा होतो.

मळेकऱ्याच्या पोटात गोळा येतो तो पानांनी माना टाकल्यावर.

नुसती तहान असेल तर खोड टणक राहतं आणि पाणी मिळताच पानं सावरतात. पण बुडाची माती उकरल्यावर खोड काळं, मऊ, कुजकं निघालं, तर तो मर रोग. तिथं आणखी पाणी म्हणजे आगीत तेल. फायटोफ्थोरा ही बुरशी साचलेल्या ओलीतच फोफावते. वनस्पतिरोगतज्ज्ञ जे. एफ. दस्तूर यांनी १९३५च्या सुमारास मध्य प्रांतातल्या पानवेलींवर या रोगाचा अभ्यास केला.

औषध आलं फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून. १८८५ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी केवडा रोगावर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण जगापुढे आणलं. एक टक्क्याच्या द्रावणाला १०० लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो लागतात. त्यात लोखंडी विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला.

तहान की कूज, ही पारख घरच्या कुंडीलाही लागू पडते. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा उन्हाळ्यात गॅलरीतला मनीप्लांट सुकतो तो तहानेनं. श्रावणात तोच लोंबला, तर आधी कुंडीच्या तळाचं भोक मोकळं आहे का, ते बघायचं.