पक्षाघातानंतरचा मेंदू : तुटलेल्या वाटा, नव्या जोडण्या

पक्षाघाताचा झटका आलेला रुग्ण रुग्णालयातून घरी परततो, तेव्हा घरच्यांच्या मनात एकच प्रश्न घोळत असतो, 'हात पुन्हा पूर्वीसारखा चालेल का?' मेंदूचा किती भाग निकामी झाला, एवढ्यावरच या प्रश्नाचे उत्तर ठरत नाही. उरलेला मेंदू पुढचे काही आठवडे आणि महिने काय करतो, यावरही ते बरेचसे अवलंबून असते. मृत झालेल्या मज्जापेशी पुन्हा जिवंत होत नाहीत, हे खरे. परंतु वाचलेल्या पेशी आपसांतील जोडण्या बदलतात आणि गेलेल्या पेशींची काही कामे अंगावर घेतात. जिवंत माणसाच्या मेंदूतील ही उलथापालथ गेल्या तीन-चार दशकांत संशोधकांना पाहता येऊ लागली आणि पक्षाघाताकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

जखमेभोवतीची उपच्छाया

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. परंतु स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा मेंदू वापरतो. त्याच्याजवळ साठा मात्र जवळपास नसतो. त्यामुळे रक्ताच्या गुठळीने मेंदूतील एखादी रक्तवाहिनी बंद झाली किंवा ती फुटून रक्तस्राव झाला, की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद झाली आणि उपचार मिळाले नाहीत, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला.

गुठळीमुळे आलेल्या पक्षाघातात मृत भागाभोवती आणखी एक पट्टा असतो. तेथील पेशी जिवंत असतात. पण रक्तपुरवठा अपुरा पडल्याने त्यांचे काम थांबलेले असते. ग्रहणाच्या वेळी गडद सावलीभोवती फिकट सावली पडते, तिला आपण उपच्छाया म्हणतो. या पट्ट्यालाही शास्त्रज्ञांनी तेच नाव दिले आहे. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. निवडक रुग्णांमध्ये नलिकेद्वारे गुठळी बाहेर काढण्याचा उपचार २४ तासांपर्यंतही करता येतो. हा सारा आटापिटा असतो तो उपच्छायेतील पेशी वाचवण्यासाठी.

इजा एका जागी, परिणाम दूरवर

मेंदूतील कोणताही भाग एकटा काम करीत नाही. रेल्वेच्या जंक्शनवर बिघाड झाला, तर शेकडो किलोमीटरवरील स्थानकांतही गाड्या खोळंबतात. मेंदूतही तसेच घडते. स्वित्झर्लंडमधील मेंदूविकारतज्ज्ञ कॉन्स्टंटिन फॉन मोनाको यांनी १९१४ मध्ये ही कल्पना मांडली. इजा झालेल्या भागाशी जोडलेले, पण स्वतः शाबूत असलेले दूरचे भागही मंदावतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते डोळ्यांनी पाहण्याचे साधन तेव्हा नव्हते. पुढे १९८०च्या सुमारास पेट स्कॅनमुळे ते दिसले. मोठ्या मेंदूच्या एका बाजूला पक्षाघात झाला, की विरुद्ध बाजूच्या लहान मेंदूचा रक्तपुरवठा आणि कामकाज घटलेले आढळले.

या अभ्यासाला नवी दिशा दिली ती भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी. माणूस काहीही न करता स्वस्थ पडून असतानाही मेंदूच्या डाव्या व उजव्या बाजूंची हालचालींची केंद्रे एका लयीत कमी-अधिक सक्रिय होत असतात, हे त्यांनी १९९५ मध्ये अमेरिकेत फंक्शनल एमआरआयच्या साहाय्याने दाखवून दिले. दूरच्या दोन भागांमधील हा ताळमेळ म्हणजे त्यांच्यातील जोडणीची खूण. रुग्णाला हात हलवता येत नसला, तरी ही तपासणी करता येते, हा तिचा मोठा फायदा.

पक्षाघातानंतर हा ताळमेळ कसा बिघडतो, याचे बोलके उदाहरण म्हणजे 'एकांगी दुर्लक्ष'. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झालेले काही रुग्ण डोळे शाबूत असूनही डावीकडच्या जगाची दखलच घेत नाहीत. ताटातील उजवीकडची भाजी संपते आणि डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते. दाढी अर्ध्याच चेहऱ्याची होते. घरच्यांना हा हट्ट किंवा विसराळूपणा वाटतो. अमेरिकेतील मॉरिझिओ कॉर्बेटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये अशा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लक्ष देण्याचे काम करणारे जे भाग इजेपासून दूर होते, त्यांच्यातही डाव्या-उजव्या बाजूंचा ताळमेळ सुरुवातीला मोडलेला होता. पुढे रुग्ण सुधारले, तसा तोही सावरला. २०१६ मध्ये याच गटाने आणखी एक भेद स्पष्ट केला. हातापायांची शक्ती किती जाईल, हे मुख्यतः इजेच्या जागेवरून कळते. स्मरणशक्तीचे नुकसान मात्र जोडण्यांच्या बिघाडावरून अधिक चांगले उमगते.

शेजारी मदतीला धावतात

उजवा हात डाव्या मेंदूच्या आज्ञेत असतो आणि डावा हात उजव्या मेंदूच्या. लुळा पडलेला आणि नंतर सुधारलेला हात हलवताना मात्र मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात, असे लंडनमधील संशोधकांना १९९१ मध्ये पेट स्कॅनमध्ये दिसले. शाबूत बाजू मदतीला धावते, असा त्याचा अर्थ लावला गेला.

पुढच्या अभ्यासांनी या चित्रात भर घातली. निक वॉर्ड व सहकाऱ्यांनी तेच रुग्ण अनेक महिने पुनःपुन्हा तपासले आणि २००३ मध्ये निष्कर्ष मांडला. साध्या हालचालीसाठीही सुरुवातीला मेंदूचे अनेक भाग एकदम उजळतात. रुग्ण सुधारत जातो, तसा हा पसारा आवरतो आणि काम पुन्हा मूळच्या भागांकडे येऊ लागते. ज्यांची सुधारणा कमी होते, त्यांच्यात तो पसरलेलाच राहतो.

वाणीच्या बाबतीतही असेच घडते. बहुतेकांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या बाजूला असतात. तेथे इजा झाली, की बोलणे किंवा समजणे अवघड होते. याला वाचाघात म्हणतात. जर्मनीतील डोरोथी साउर व सहकाऱ्यांनी अशा १४ रुग्णांची तीनदा तपासणी करून २००६ मध्ये तीन टप्पे नोंदवले. पहिल्या काही दिवसांत डावी केंद्रे जवळपास थंडावलेली होती. सुमारे दोन आठवड्यांनी उजव्या बाजूसह सारे जाळे जोमाने सक्रिय झाले. वर्षभराच्या आसपास भार पुन्हा डावीकडे सरकला. वाचाघाताच्या अनेक रुग्णांना साधे वाक्य जुळवता येत नाही. पण पाठ असलेली आरती किंवा एक ते दहा अंक सलग म्हणता येतात. 'मुद्दामच बोलत नाही' असा गैरसमज त्यातून होऊ नये. सवयीचे बोलणे आणि नव्याने वाक्य रचणे यांसाठी मेंदू एकच वाट वापरत नाही.

वापराविना वाट बुजते

मेंदूची ही पुनर्रचना आपोआप सुरू होते, पण ती कोणत्या दिशेने जाईल हे बऱ्याच अंशी वापर ठरवतो. रँडॉल्फ न्यूडो यांनी माकडांवर केलेला प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. हाताच्या केंद्रात लहानशी इजा झाल्यावर ज्या माकडांना सराव दिला नाही, त्यांच्यात इजेलगतचा हाताचा शाबूत भागही आक्रसला. ज्यांच्याकडून दुबळ्या हातानेच खाऊ उचलण्याचा सराव करून घेतला, त्यांच्यात तो भाग टिकला, काहींमध्ये विस्तारलाही.

माणसांमध्ये याच तत्त्वावर चांगला हात हातमोज्यात बांधून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याची पद्धत एडवर्ड टाऊब यांनी विकसित केली. झटक्यानंतर ३ ते ९ महिने झालेल्या आणि हातात थोडी हालचाल उरलेल्या २२२ रुग्णांपैकी एका गटावर ती दोन आठवडे वापरण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत हाताचा वापर नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारला आणि हा लाभ वर्षभरानंतरही टिकून होता.

आपल्या घरांत याच्या नेमके उलट घडते. मायेपोटी घास भरवला जातो, गुंड्या लावल्या जातात, पाण्याचा पेला ओठांशी नेला जातो. शुश्रूषा हवीच, पण जे काम रुग्णाला दहा मिनिटे लावून का होईना स्वतः करता येते, ते त्याच्याकडून काढून घेणे म्हणजे मेंदूचा सराव हिरावणे होय.

घाईही नको, निराशाही नको

सराव हवा, म्हणून पहिल्याच दिवशी रुग्णाला जास्त चालवावे असेही नाही. पाच देशांतील २,१०४ रुग्णांच्या चाचणीत २४ तासांच्या आत, वारंवार आणि जास्त वेळ अंथरुणाबाहेर काढलेल्या रुग्णांची प्रगती किंचित कमीच झाली, असे २०१५ मध्ये दिसून आले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ७२ रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात २० तासांच्या जादा सरावाचा सर्वाधिक लाभ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरुवात करणाऱ्यांना झाला.

'सहा महिन्यांत झाले तेवढे, पुढे काही नाही' हा समजही तपासून पाहावा असाच आहे. लंडनमध्ये झटक्याला अनेक महिने, काहींना कित्येक वर्षे उलटलेल्या २२४ रुग्णांकडून तीन आठवड्यांत ९० तास हाताचा सराव करून घेण्यात आला. त्यांच्यातही लक्षणीय सुधारणा झाल्याचे २०१९ मध्ये नोंदवले गेले. वेग मंदावतो, दार बंद होत नाही.

यंत्रांच्या जाहिरातींबाबत मात्र सावध असावे. शाबूत बाजू चुंबकीय लहरींनी शांत केली की दुबळा हात सुधारेल, ही कल्पना आकर्षक होती. परंतु २०१८ मधील अमेरिकेतील मोठ्या चाचणीत हा उपचार आणि त्याचा नुसता देखावा यांत फरक आढळला नाही. हजारो वेळा केलेल्या साध्या हालचालीला अद्याप पर्याय सापडलेला नाही.

हे लक्षात ठेवा

* चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एक हात किंवा पाय अचानक दुबळा पडणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची मुख्य लक्षणे होत. त्वरित १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.
* लक्षणे थोड्या वेळात नाहीशी झाली, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.
* लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली, ते लिहून ठेवावे. औषध देता येईल की नाही, हे त्यावर ठरते.
* घरी आल्यावर फिजिओथेरपिस्टकडून रोजच्या सरावाचे वेळापत्रक करून घ्यावे आणि दुबळ्या हाताला दिवसभरातील ठरावीक कामे द्यावीत.
* रक्तदाब, मधुमेह यांची औषधे बरे वाटले म्हणून बंद करू नयेत. मेंदूने महिनोन्महिने खपून बांधलेल्या जोडण्या दुसऱ्या झटक्यात पुन्हा तुटू शकतात.